अलीपेला कार्ड जोडलंय तरी चीनमध्ये पेमेंट फेल होतंय? आधी 'नाही' कोण म्हणतंय ते शोधा

"कार्ड जोडलं, बरोबरची खूण आली, सगळं ओके दिसत होतं, आणि सकाळी दुकानात पाण्याची बाटली घ्यायला गेलो तर पेमेंट फेल. आता काय करू?" थोड्याफार फरकाने हाच मेसेज मला एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये हमखास येतो, कारण तेव्हा चीनमध्ये ग्वांगझूला कँटन फेअर हे मोठं व्यापारी प्रदर्शन असतं आणि आपल्याकडची बरीच व्यापारी मंडळी पहिल्यांदा तिकडे उतरतात. मी मालाच्या निमित्ताने तिकडे जाऊन येऊन असतो हे ओळखीपाळखीत माहितीये, मग फोन माझ्याकडेच. ऑक्टोबर २०२५ पासून थेट विमानं परत सुरू झाली, टुरिस्ट व्हिसा मिळतोय, त्यामुळे आता नुसते व्यापारीच नाही तर आई-बाबांना घेऊन बीजिंग बघायला निघालेले लोकही विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, थोडं लांबेल, पण मधे उडी मारू नका कारण तुमचा प्रॉब्लेम नेमका कुठल्या पॅरात आहे ते तुम्हालाही आत्ता माहीत नाहीये.

पहिली गोष्ट, तिकडे आपलं यूपीआय चालत नाही. सिंगापूर, दुबई, नेपाळ, भूतान, मॉरिशस, श्रीलंका इथे कमीजास्त चालतं, त्यामुळे लोक गृहीत धरतात की चीनमध्येही कुठेतरी चालत असेलच. नाही चालत. आणि व्हिसा-मास्टरकार्डचं कार्ड मशीनवर टेकवायचं म्हणाल तर मोठी हॉटेलं, विमानतळ, काही मॉल सोडले तर ते मशीनच नसतं, किंवा असतं ते फक्त त्यांच्या युनियनपे या चिनी कार्डांचं. बाकी सगळा देश दोन ॲपवर चालतो, अलीपे आणि वीचॅट. जुलै २०२३ पासून या दोन्हींना आपलं परदेशी कार्ड थेट जोडता येतं, आणि बाहेरच्या माणसासाठी रोजचा खरा रस्ता तोच आहे.

आता गंमत अशी की क्यूआर स्कॅन करायची सवय आपल्याला त्यांच्याइतकीच आहे, म्हणून आपण डोकं न लावता स्कॅन करतो आणि फेल झालं की ॲपला शिव्या घालतो. पण आपल्या यूपीआयमध्ये मागे बँकेचं खातं असतं, इथे मागे कार्ड आहे. म्हणजे पैसे जाताना दुकानदाराचा कोड, मग अलीपे, मग व्हिसा किंवा मास्टरकार्ड, मग तुमची इकडची बँक, एवढ्या दारातून जावं लागतं आणि यातल्या कुठल्याही दाराने 'नाही' म्हटलं तरी तुमच्या स्क्रीनवर साधारण एकसारखाच लाल मेसेज दिसतो. तेव्हा ॲप उडवून परत टाकणं, फोन रीस्टार्ट करणं, कार्ड काढून परत जोडणं हे उद्योग आधी बंद करा. सारखं सारखं काढ-घाल केलं तर उलट ॲपला संशय येतो आणि ते काही काळ कार्ड जोडूच देत नाही, मग बसा.

'नाही' कोणी म्हटलं ते ओळखायची माझी रीत साधी आहे. स्कॅन केल्या केल्या, पिन विचारायच्या आधीच नकार आला तर दुकानदाराच्या कोडमध्ये काहीतरी आहे. पिन टाकला, चाक फिरलं आणि मग फेल झालं आणि त्याच मिनिटाला बँकेचा एसएमएस किंवा ॲपचं नोटिफिकेशन आलं की व्यवहार नाकारला, तर बँक. चाक फिरून फेल झालं आणि बँक एकदम गप्प आहे, तर एकतर ॲपच्या सुरक्षा तपासणीने अडवलं किंवा तुमचं भारतीय सिम रोमिंगवर नसल्यामुळे एसएमएस पोचलाच नाही. हे दुसरं फार होतं. म्हणून सिम चालू आहे का ते आधी बघायचं आणि मग निष्कर्ष काढायचे.

माझ्या बघण्यात बहुतेक वेळा बँकच निघते, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

२०२० मध्ये आरबीआयने नियम केला तेव्हापासून नवीन कार्ड हातात येतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर, टॅप करणं, हे सगळं आपण स्वतः बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचं. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं आणि लोक निघायच्या आधी 'इंटरनॅशनल' चालू करतात सुद्धा. चूक होते ती पुढच्या पायरीला. इंटरनॅशनलच्या खाली परत वेगवेगळी बटणं असतात, एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन किंवा ई-कॉमर्स, टॅप. आता तुम्ही दुकानात उभे आहात, समोर माणूस आहे, माल हातात आहे, त्यामुळे साहजिकच वाटतं की हे 'दुकान' आहे. बँकेच्या दृष्टीने ते दुकान नाहीये! तुमचं कार्ड कुठल्याही मशीनला लागलेलं नाही, ते अलीपेमध्ये साठवलेलं आहे आणि तिथून वापरलं जातंय, म्हणजे तो परदेशी ऑनलाइन व्यवहार झाला. तेव्हा 'इंटरनॅशनल ऑनलाइन' हे बटण बंद असेल तर बाकी सगळी चालू असूनही पेमेंट जाणार नाही.

चीनमधल्या यीवू शहराच्या होलसेल मार्केटमध्ये एका ओळखीच्यांचं हेच झालेलं समोर बघितलंय. केसांच्या क्लिपांचा गाळा, बाईंनी पिशवी भरून गाठ मारून काउंटरवर ठेवली, यांनी स्कॅन केलं, पिन टाकला, आणि सगळे त्या छोट्या स्पीकरकडे बघत उभे. तिकडेही पैसे आले की स्पीकर बोलतो, रक्कम सांगतो, अगदी आपल्या किराणा दुकानासारखं. स्पीकर काही बोलेना. बाईंनी हसत हसत पिशवी अलगद आपल्या बाजूला ओढून घेतली, वाईट हेतूने नाही, सवयीने. यांनी दुसरं कार्ड, तिसरं कार्ड, सगळी त्याच बँकेची, सगळ्यांना तेच बटण बंद. शेवटी तिथेच उभ्या उभ्या बँकेचं ॲप उघडलं, ऑनलाइनचं बटण चालू केलं, परत स्कॅन, आणि स्पीकर बोलला. दोन मिनिटांचं काम होतं. पण बँकेचं ॲप उघडलं म्हणून दोन मिनिटं, ते नसतं उघडलं तर वेगळी कथा.

कारण बँकेचं ॲप परदेशात उघडेलच असं नाही. व्हीपीएन चालू असेल तर काही बँकांची ॲप सरळ बंद होतात. फोन नवीन घेतला असेल किंवा ॲप परत टाकलं असेल तर ते सिमवरून एसएमएस पाठवून नोंदणी करायला मागतं, आणि रोमिंगवर तो जाणारा एसएमएस अडकतो. म्हणून निघायच्या आठवड्यात फोन बदलणे, सिम बदलणे, ई-सिममध्ये रूपांतर करणे असले प्रयोग करू नका, हौस असेल तर आल्यावर करा.

बटण चालू असूनही बँक नाही म्हणत असेल तर मर्यादा बघा. ऑनलाइन परदेशी व्यवहाराची मर्यादा वेगळी असते आणि बऱ्याचदा ती अगदी कमी किंवा चक्क शून्यावर ठेवलेली असते. लोक बटण चालू करतात आणि खालची पट्टी सरकवायची विसरतात. तिसरं कारण म्हणजे फसवणुकीचा संशय. काल संध्याकाळी कार्ड डोंबिवलीत वापरलं, आज सकाळी शांघायमध्ये तीन मिनिटांत चार व्यवहार, बँकेच्या कॉम्प्युटरला ते चोरीचं वाटलं तर त्याला दोष देता येत नाही. अशा वेळी भारतीय नंबरवर कॉल किंवा एसएमएस येतो की हे तुम्हीच केलं का, आणि सिम बंद ठेवलेलं असेल तर तो प्रश्न हवेतच राहतो आणि कार्ड लॉक. तेव्हा भारतीय सिम चालू ठेवायचंच, इंटरनेटसाठी नाही तर ओटीपी आणि असल्या मेसेजसाठी. डेटासाठी प्रवासी ई-सिम घ्या किंवा रोमिंग पॅक घ्या. बाहेरच्या ई-सिमवर आणि रोमिंगवर व्हॉट्सॲप, गुगल, जीमेल चालतं, हॉटेलच्या वायफायवर किंवा तिकडच्या लोकल सिमवर ते अडवलेलं असतं. ओटीपी जीमेलवर मागवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

कार्ड कुठलं आहे यावरही अवलंबून आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड क्रेडिट कार्ड सगळ्यात बिनधोक. नुसत्या रुपे कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. फॉरेक्स कार्ड प्रीपेड असल्यामुळे कधी जोडलं जातं, कधी नाही, आणि जोडलं गेलं तरी त्यात युआनचं, म्हणजे चिनी चलनाचं, पाकीट आहे का ते बघा, नसेल तर डॉलरमधून युआनमध्ये जाताना परत वेगळा मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा जादा आकार, लागतो. माझं म्हणणं, दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं, शक्यतो एक व्हिसा एक मास्टरकार्ड, दोन्ही आधीच जोडून ठेवा. एकाच बँकेची तीन कार्डं म्हणजे एकच कार्ड समजा.

आता ॲपचं. इथे आपल्याला बाकीच्या देशांच्या लोकांपेक्षा एक जास्तीचा ताप आहे. इंग्रजीत जी काही मार्गदर्शनं मिळतात ती सांगतात की घरूनच दोन्ही ॲप टाका, कार्ड जोडा, आरामात निघा. भारतात वीचॅट जून २०२० च्या बंदीत गेलं आणि अलीपे सप्टेंबर २०२० च्या ११८ ॲपच्या यादीत. त्यामुळे तुमच्या स्टोअरमध्ये ते मिळेल असं धरून चालू नका, आणि बंदी असताना इकडे बसून आडवाटेने टाकायच्या भानगडीतही पडू नका, देशाबाहेर पडल्यावर करा. बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर असं मधे थांबणार असाल तर तो वेळ आधी याचसाठी वापरायचा, ड्युटी फ्रीतली खरेदी मग. आयफोनवाल्यांना दुसऱ्या देशाचा ॲपल आयडी लागतो, तो फक्त स्टोअरपुरता लावायचा, पूर्ण फोनचा आयडी बदलायचा नाही. अँड्रॉइडवाल्यांनी अलीपेच्या अधिकृत वेबसाइटवरूनच फाइल घ्यायची, कुणी ग्रुपवर टाकलेली 'वर्किंग' फाइल तर अजिबात घेऊ नका, तिला तुम्ही कार्ड देणार आहात राव! आणि चीनमध्ये उतरल्यावर तिकडच्या नेटवर प्ले स्टोअर उघडत नाही हे लक्षात असू द्या.

वीचॅटच्या मागे पहिल्या दिवशी लागू नका. नवीन खातं उघडताना ते बऱ्याचदा जुन्या वापरकर्त्याकडून कोड स्कॅन करून मागतं, आणि असा माणूस रात्री अकराला विमानतळावर कुठे शोधणार. अलीपे तुलनेत सरळ आहे, मोबाईल नंबर, ओटीपी, सहा आकडी पिन, कार्ड, पासपोर्ट. आधी ते उभं करा, वीचॅट नंतर कुणी ओळखीचं भेटलं की.

पासपोर्टवरून आठवलं, नावाचा घोळ. हा खास आपला मराठी लोकांचा प्रॉब्लेम आहे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि दिलेल्या नावात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, म्हणजे 'सुनील रमेश'. बँकेच्या कार्डावर मात्र 'सुनील आर देशमुख', किंवा नुसतं 'एस आर देशमुख'. बायकांचं तर विचारूच नका, पासपोर्ट माहेरच्या नावाने, कार्ड सासरच्या. ॲपमध्ये ओळख पटवताना नाव पासपोर्टवर आहे तस्सं लिहायचं, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींमध्ये ज्या क्रमाने आहे त्या क्रमाने. कार्डाच्या जागी कार्डावरचं नाव. दोन्ही एकसारखी करायच्या नादात पासपोर्टचं नाव छोटं केलं की तपासणीत अडकतं. आणि माहेर-सासर एवढा फरक असेल तर ते कार्ड मुख्य ठेवू नका, पासपोर्टच्या नावाचं दुसरं कार्ड आधी जोडा.

पासपोर्ट न देताही खातं चालतं, पण मर्यादेत, वर्षाला २,००० डॉलरपर्यंत. ओळख पटवली की मार्च २०२४ पासूनच्या नियमाने एका व्यवहाराला ५,००० आणि वर्षाला ५०,००० डॉलर, आधी हेच १,००० आणि १०,००० होतं. फिरायला जाणाऱ्याला एवढी मर्यादा लागत नाही, पण मधेच एखाद्या पेमेंटला ॲपने पासपोर्ट मागितला आणि तुम्ही टॅक्सीत आहात तर चिडचिड होते, म्हणून आधीच देऊन टाका. ॲपने सुरक्षेसाठी अडवलंय असं वाटलं तर व्हीपीएन बंद करून, थोडं थांबून, छोट्या रकमेने परत करून बघा. तरी नाही झालं तर अलीपेची हेल्पलाइन ९५१८८, इंग्रजीत बोलतात.

आता दुकानदाराचा कोड. बँक ठीक, ॲप ठीक, सकाळपासून चार ठिकाणी पेमेंट झालं आणि पाचव्या ठिकाणी, रताळी भाजणाऱ्या आजोबांकडे, फेल. याचं कारण परदेशी कार्डाने फक्त व्यापारी खात्याला पैसे देता येतात, माणसाने माणसाला पाठवता येत नाहीत. आजोबांनी गाडीवर लटकवलेला कोड त्यांच्या स्वतःच्या खात्याचा असतो, धंद्याचा नसतो. तुमच्याकडून काहीच चुकलेलं नाही, आणि दहा वेळा केलं तरी होणार नाही. त्यांना विचारा दुसरा कोड आहे का, बऱ्याच जणांकडे दोन-दोन लटकवलेले असतात, निळा अलीपेचा आणि हिरवा वीचॅटचा. नाहीतर रोख. याच कारणाने तुमच्या ग्रुपमधला मित्र तुमच्या अलीपेवर पैसे टाकू शकत नाही, त्यामुळे जेवणाचं बिल एकाने द्यायचं आणि हिशोब घरी आल्यावर यूपीआयने करायचा. त्यावरून भांडणं होतात ती वेगळी.

दुकानात माणूस कधी विचारतो 'वो साओ नी?', म्हणजे मी तुमचं स्कॅन करू का. हे जास्त चांगलं. आपल्या ॲपमधला पैसे द्यायचा कोड उघडून त्याच्या स्कॅनर गनसमोर धरायचा, कारण ज्याच्याकडे स्कॅनर गन आहे त्याचं खातं नक्की व्यापारी असतं, आणि रक्कमही तोच टाकतो. तो कोड थोड्या वेळाने बदलत असतो, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवून उपयोग नाही, काही जण नेट नसेल तर असू दे म्हणून काढून ठेवतात.

हॉटेलात टेबलावर चिकटवलेला कोड असतो तो पैशाचा नसतो, ऑर्डरचा असतो, आणि पुष्कळदा तो वीचॅटमध्येच उघडतो. अलीपेने स्कॅन केलं की भलतंच पान येतं आणि आपल्याला वाटतं ॲप बिघडलं. वेटरला बोलवा, फोटोवर बोट ठेवा, पैसे काउंटरला द्या. शाकाहारी असाल तर तसंही वेटरशी बोलावंच लागणार आहे.

एक प्रकार असा आहे जिथे परदेशी कार्डाने बहुतेक वेळा जमतच नाही, आणि तो म्हणजे आधी वस्तू घ्या मागून पैसे कापू. रस्त्यावर भाड्याने मिळणाऱ्या पॉवरबँका, दार उघडून हवं ते उचलायचे फ्रीज, ह्यात ॲप तुमची तिकडची पत बघतं, आणि आपली तिकडे पत शून्य. त्यामुळे स्वतःची पॉवरबँक हवीच, फोन मेला की पैसे, तिकीट, नकाशा, भाषांतर सगळं एकदम जातं. पण थांबा, २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानात थ्री-सी (3C, चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राचं) चिन्ह नसलेली पॉवरबँक नेऊ देत नाहीत, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. इकडे घेतलेल्या पुष्कळ पॉवरबँकांवर ते चिन्ह नसतं. विमानाने शहर बदलणार असाल तर चिन्ह असलेली घ्या किंवा तिकडे पोचल्यावर विकत घ्या.

मेट्रोसाठी अलीपेमध्येच वाहतुकीचा कोड असतो, शहर निवडायचं आणि गेटवर दाखवायचा, शहर बदललं की ॲपमध्येही शहर बदलायचं, हे विसरतात आणि गेट उघडत नाही म्हणून मागे रांग लावतात. टॅक्सी बोलवायची डीडी ही सेवा अलीपेच्या आतच आहे. ट्रेनला पासपोर्ट हेच तिकीट. इथे फार काही बिघडत नाही.

पैसे किती कापले यावरून एक तक्रार कायम येते, की दुकानात दिले तितके आणि स्टेटमेंटला आले जास्त. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपेची फी नाही, त्याच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर ३ टक्के. शिवाय आपली बँक परदेशी व्यवहाराचा मार्कअप लावते, समजा साडेतीन टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३. आता १,२०० युआनचं हॉटेल बिल घ्या. ३६ युआन ॲपची फी, १,२३६ वर बँकेचे साधारण ५१, एकूण ८७ युआन, युआन बारा रुपये धरला तरी हजार रुपयांच्या वर गेले नुसते पैसे देण्याचे पैसे. मार्कअप नसलेलं किंवा कमी असलेलं कार्ड जोडलं तर दुसरा भाग वाचतो. पहिल्या भागासाठी लोक बिल फोडतात, ५६० चं बिल १९०, १९० आणि १८० असं तीनदा. दुकानदार मोकळा असेल तर ऐकतो, मागे गर्दी असेल तर नका करू, बरं दिसत नाही. मोठ्या हॉटेलात कार्ड मशीन असेल तर कार्ड तिथेच द्या, ॲपची फी वाचते, आणि मशीनने रुपयात की युआनमध्ये विचारलं तर युआन.

व्यापाऱ्यांसाठी एक, मालाचे पैसे असे द्यायचे नसतात. सॅम्पलचे पाचपन्नास युआन वेगळे, पण ऑर्डरचं पेमेंट बँकेतून, इम्पोर्टच्या कागदांसकट. गाळेवाला स्वतःचा कोड पुढे करून म्हणाला इथेच टाका, तर एकतर ते तुमच्या कार्डाने जाणार नाही आणि गेलं असतं तरी इकडे कस्टमला दाखवायला हातात काही नसतं.

रोख ठेवायची का? ठेवायची. चीनमध्ये युआनची नोट नाकारणं कायद्याने चुकीचं आहे, त्यांच्या मध्यवर्ती बँकेने हे वारंवार बजावलंय, पण नोट घेतली तरी सुटे नसतात हा खरा त्रास. शंभराच्या लाल नोटा घेऊन फिरलात तर टॅक्सीवाला हात वर करतो. दहा-वीसच्या नोटा ठेवा. इकडून थोडे युआन न्या आणि बाकीचे तिकडे बँक ऑफ चायना किंवा आयसीबीसीच्या एटीएममधून काढा, व्हिसा-मास्टरकार्डची खूण बघून. त्या एटीएमवर सहा आकडी पिनची जागा दिसते आणि आपला पिन चारच आकडी, लोक पुढे दोन शून्य लावतात आणि कार्ड ब्लॉक करून घेतात. चार आकडे टाकून सरळ हिरवं बटण दाबायचं. आणि डेबिट कार्डाचं 'इंटरनॅशनल एटीएम' हे बटण परत वेगळं असतं बरं का.

बँकेला फोन करायची वेळ आलीच तर १८०० ने सुरू होणारा फुकटचा नंबर तिकडून लागत नाही, कार्डाच्या मागे +९१ वाला असतो तो निघायच्या आधी फोनमध्ये साठवून ठेवा, नुसता साठवू नका, कागदावरही लिहा. त्यांना युआनमधली रक्कम, वेळ आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगा आणि विचारा की नाकारण्याचं कारण काय दिसतंय, "माझं कार्ड चालत नाहीये" एवढंच म्हटलं तर ते नवीन कार्ड पाठवायला निघतात, तेही घरच्या पत्त्यावर. वेळ सांगताना भारताची सांगा, तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे असतं. आणि शाखेतल्याच ओळखीच्या माणसाशी बोलायचं असेल तर तो दहाला खुर्चीवर येईपर्यंत तुमच्याकडे साडेबारा वाजलेले असतात, तोवरच्या नाश्त्याला दहाच्या नोटा.